शपथ न सोडवता गेलीस, इंदू

इंदू, तुझे दिवस झाले, गंधमुक्ती झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाला कापड गुंडाळून घेऊन गेला. गल्लीतल्या बायकांनी डबे दिले, जवळ येऊन बसल्या, आणि आता त्या परत मिरचीच्या कामाला लागल्या. त्यांचं काय चुकलं, हंगाम आहे, बसून कोण राहील. मीच एकटी तुझ्या ओट्यावर येऊन बसते. तुझी हिरवी साडी अजून दोरीवर आहे. दीपाची सासू जाताना म्हणाली, घडी करून ठेवते. मी म्हटलं, राहू द्या. वाळलेली साडी आणखी काय वाळणार, पण राहू द्या.

मला बोलायची सवय, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. सकाळी चहा ठेवताना माझं तोंड सुरू व्हायचं ते मिरची वाळत घालायच्या पथारीवर पोचेपर्यंत. मध्येच तू थांबायचीस आणि म्हणायचीस, "आक्का, जरासा दम ले. तुन्हं ऐकीसन रस्ता बी थकी गया." आता त्या रस्त्याने मी एकटी बोलत गेले तर लोक म्हणतील म्हातारी खुळावली. म्हणून कागद घेतला आहे. कागद थकत नाही, आणि मध्ये तोडतही नाही. तोडलं असतं तर बरं झालं असतं.

माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे. शाळा तिसरीत सुटली, पुढचं सगळं मी किराणाच्या पुड्यांवर शिकले. मीठ संपलं की पुडीचा कागद सरळ करायचा आणि वाचायचा. तुला त्याची फार गंमत वाटायची. पथारीवर दुपारची भाकरी सोडली की तू बायकांना सांगायचीस, थांबा, आमच्या मास्तरीणबाई आता पेपर वाचतील. आणि मला म्हणायचीस, बाकीचं ठेव बाजूला, कोण वारलं ते वाच. ओळख ना पाळख, पण तुला त्यांची वयं ऐकायची असायची. म्हातारं माणूस निघालं की म्हणायचीस, चला, खाऊनपिऊन गेलं. कमी वय निघालं की भाकरीचा घास हातातच धरून बसायचीस. तुझं वय आता मी कोणाला वाचून दाखवू?

आपली आई गेली तेव्हा तू अंगावर पिणारं पोर होतीस. सव्वा महिनाही झाला नव्हता. चांगली बोलत होती, काकूकडून केस विंचरून घेत होती, आणि खाटेवर बसल्याबसल्या छातीला हात लावून आडवी झाली. लोक म्हणाले बाहेरचं लागलं. कोणी म्हणालं बाळंतवात. मला शाळेतून काढलं आणि तुला माझ्या कडेवर दिलं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजलं तुला. तू माझी बहीण की माझी पोर, हे मला कधी नीट कळलं नाही, आणि तुलाही नाही. भांडताना तू मला बहीण मानायचीस आणि ताप आला की आई.

भांडलो किती आपण. त्यातलं मोठं भांडण दीपाच्या वेळचं. तुझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरात होतंच कोण, आणि मी माझ्या सासरी मोठ्या आजारपणात अडकलेली. तू तुझ्या सासरीच बाळंत झालीस. मी भेटायला आले तर तू हंडा घेऊन विहिरीवर. अंगात रक्त नाही, तोंड पांढरं, आणि डोक्यावर हंडा. तुझ्या सासूला मी भर अंगणात विचारलं, तुमची म्हैस व्याली तरी तिला चार दिवस गोठ्यात बसवता ना, मग ही काय म्हशीपेक्षा हलकी आहे का? सगळी आळी गोळा झाली. तुझी सासू राहिली बाजूला, तूच माझ्यावर तुटून पडलीस. म्हणालीस, तुला दोन घटका बोलायचं आहे, मला इथे जन्म काढायचा आहे. कितीतरी महिने तू माझ्याशी नीट बोलली नाहीस. मला वाटायचं, आई असती तर तुला सव्वा महिना खाली पाय ठेवू दिला नसता.

ही गोष्ट आपण नंतर एकदाच काढली, दोघी एका गल्लीत राहायला आल्यावर, दवाखान्यात. तुझ्या पिशवीचं ऑपरेशन झालं, तू घरी येऊन पडून राहिलीस, आणि तुझा डावा पाय फुगला. मांडीपासून खाली मुसळासारखा झाला आणि हात लावला की गरम. त्या वेळी आपलं नशीब बरं होतं. डॉक्टरीण तरुण होती पण समजून सांगणारी. ती म्हणाली पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, वर फुफ्फुसात गेली असती तर जीव गेला असता. मग तिने आपल्याला विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. मी आईचं सांगितलं.

तुझं रक्त तिने मोठ्या शहरात तपासायला पाठवलं. गोळ्या सुरू करायच्या आधी पाठवलं, नाहीतर खरं कळत नाही म्हणाली. त्यात निघालं, प्रोटीन एस कमी. तिने कागदावर शीर काढून दाखवली. रक्त जखमेवर गोठायला पाहिजे, पण आतल्या आत गोठायला नको, म्हणून अंगात काही राखणदार असतात. त्यातला एक तुमच्यात जन्मापासून कमी आहे, म्हणाली. हा कमीपणा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. तुमच्या आईला बहुतेक हेच असणार. माझंही रक्त घेतलं, माझं बरोबर निघालं. तेव्हा मला बरं वाटलं नाही, इंदू. एकाच ताटात जेवलेल्या दोघी आपण, आणि ते तुझ्याच वाट्याला आलं.

मग डॉक्टरीण म्हणाली की बाळंतपणानंतरचे आठवडे अशा बाईला सगळ्यात धोक्याचे. पडून राहिलं, पाणी कमी प्यायलं, की गुठळी व्हायला वेळ लागत नाही. तुम्ही कशा वाचलात? तू सांगितलंस की मला सासूने पडूच दिलं नाही. ती म्हणाली, मग त्यांनीच वाचवलं म्हणायचं. परत येताना बसमध्ये तुला हसू आवरेना. इतका मोठा आजार घेऊन निघालेली बाई, आणि पदर तोंडात धरून हसते. म्हणालीस, "जाईसन पाय धर मन्ही सासूना. म्हैस म्हैस करत व्हती." मलाही हसू आलं. सगळी बस आपल्याकडे बघत होती.

गल्लीत बातमी अर्धीच पोचली. प्रोटीन कमी एवढंच बायकांना कळलं, आणि त्या अंडी, हरभरे, शेंगदाणे घेऊन आल्या. हे ते प्रोटीन नाही असं तू कोणाला सांगितलं नाहीस. शेंगदाण्याची चटणी करून त्यांनाच परत वाटलीस. तेव्हापासूनच तुझं लपवणं सुरू झालं, पण तेव्हा ते मला लपवणं वाटलं नाही, गंमत वाटली.

रोज संध्याकाळी गोळी, महिन्याला रक्त दाखवायला जायचं. रक्त फार पातळ झालं तरी वाईट, घट्ट झालं तरी वाईट. पालेभाजी रोज सारखीच खायची, एक दिवस ढीगभर आणि एक दिवस काही नाही असं करायचं नाही. मेथीवर तुझा जीव. तू मेथी सोडलीच, म्हणालीस मोजून खाण्यापेक्षा न खाल्लेली बरी. काही वर्षं तू हे सगळं नीट केलंस. मी साक्षीदार आहे. जे नंतर तुला नावं ठेवतील त्यांना मी सांगेन.

दीपाची सोयरीक आली आणि सगळं बिघडलं. नवापूरकडचं घर, मुलगा नोकरीला, माणसं साधी. त्यांच्याकडच्या कोणीतरी तुला दवाखान्यात रक्ताच्या रांगेत पाहिलं. आपल्या जिल्ह्यात रक्ताची तपासणी म्हटली की लोकांच्या डोळ्यापुढे सिकलसेलच येतो. त्यांनी विचारलं, तुम्हाला ते आहे का. विचारलं तेही नीट विचारलं. तू दीपाचं सिकलसेल तपासणीचं कार्ड दाखवलंस, त्यात काही नव्हतं, विषय मिटला. पण तुझ्या मनात मिटला नाही. त्या दिवसापासून तू रांगेत उभी राहिली नाहीस. रक्त दाखवल्याशिवाय डॉक्टरीण गोळी वाढवेना की कमी करेना. मग तू आपल्या मनाने अर्धी घेऊ लागलीस, मग एक दिवसाआड, आणि लग्नाच्या धामधुमीत बंदच. तपासणीचे कागद मी शोधायला लागले तेव्हा तू सांगितलंस की चुलीत घातले.

किती समजावलं तुला. मी म्हणायचे, लोकांना कळलं तर कळलं. तू म्हणायचीस, "तुले पोर नही, तुले नही समजाव." हे तू एकदाच बोललीस, आणि बोलल्याबरोबर माझा हात धरलास. मी रागावले नाही, इंदू. खरं सांगते, त्या वेळी लागलं, पण रागावले नाही. मला पोर नाही हे तुझ्या तोंडून ऐकायला विचित्र वाटलं, एवढंच.

वर्ष गेलं, काही झालं नाही. तुझा पाय ठीक, काम ठीक. तू परत मेथी खायला लागलीस, ताट भरून. माझ्यासमोर मुद्दाम खायचीस.

मग दीपाला दिवस गेल्याचा फोन आला. तू साखर वाटलीस, मीही नाचले. पण त्याच संध्याकाळी मी म्हटलं, आता तिला सांगू. डॉक्टरीण काय म्हणाली होती ते आठव. आईचं अर्धं तुझ्यात आलं, तुझं अर्धं तिच्यात गेलं असेल. नसेलही, पण बघायला नको? तू भाजी निवडत होतीस. मान वर केली नाहीस. म्हणालीस, सासरी कळलं तर म्हणतील रक्तात खोट असलेली पोर आमच्या गळ्यात मारली, पोटुशी पोर परत धाडतील. मी म्हटलं मग मी दीपालाच एकटीला सांगते. तेव्हा तू वर पाहिलंस.

"तुले दीपानी शप्पथ शे, आक्का."

आता बघ, हसशील, पण मी शपथ मानते. लहानपणी तू ऊठसूट शपथ घालायचीस. मी चिंच दिली नाही तर शपथ, गोष्ट अर्धी ठेवली तर शपथ. आणि शपथ घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हटलं पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या म्हणण्याने ती सुटत नाही, हा आपल्या गल्लीचा कायदा. मी तुला गुळाचा खडा द्यायचे आणि तू तोंडात गूळ धरून 'सुतली सुतली' म्हणायचीस. ही शपथ मात्र तू पोरीच्या जिवाची घातलीस. मी बोलले तर तिच्या जिवाला, नाही बोलले तर तिच्याच जिवाला. मी म्हटलं, इंदू, सुटली म्हण. तू भाजीची देठं गोळा केलीस आणि आत गेलीस. नंतर मी कितीदा विचारलं. रस्त्यात, पथारीवर, जेवताना. तू विषय बदलायचीस. एकदा म्हणालीस, बाळ हातात येऊ दे, मग म्हणते.

यंदा हंगाम मोठा. पथारीवर जिकडे बघावं तिकडे मिरची, जमीन दिसत नव्हती. आपण फडकी तोंडाला बांधून दिवसभर मांडी घालून देठ खुडत बसायचो. आपल्या कामात अंगाची आग होणं म्हणजे काय नवीन आहे? हात जळतात, डोळे जळतात, साडीतून खार उतरला की मांड्या जळतात. संध्याकाळी प्रत्येकीचे पाय जड. म्हणून तुझा डावा पाय लाल झाला, गरम लागायला लागला, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. रांगेतल्या कमलबाईने खोबरेल आणलं आणि मायेने चोळून दिलं. आणखी एक म्हणाली ताक लाव. मी म्हटलं, मिरची काय एकाच पायाला लागते का गं? तू पाय साडीखाली ओढून घेतलास आणि म्हणालीस, "हाऊ पाय जास्त काम करस." सगळ्या हसल्या. तुझ्या बोलण्यावर सगळ्या हसायच्याच.

घरी आल्यावर मी तुला पाय दाखव म्हटलं. तू दाखवला नाहीस. मी म्हटलं उद्या दवाखाना. तू म्हणालीस, हा माल उचलून होऊ दे, मग जाऊ, तुझी शपथ. मी म्हटलं, आता आणखी शपथ नको.

दुसऱ्या दिवशी तू खोकत होतीस. पथारीवर कोण खोकत नाही? वारा फिरला की सगळी रांग खोकते, शिंकते, एकमेकींच्या नावाने शिव्या घालते. कमलबाई म्हणाली, "इंदू, आज तुलेच जास्त तिखट लागी ऱ्हायनं का?" तू हात हलवून गप्प राहा म्हटलंस. मग तू उठून पोत्यांना टेकून बसलीस. मी देठ खुडता खुडता बघत होते. तू फडकं तोंडावरून काढलंस. तुझे ओठ मला बरोबर दिसले नाहीत. जांभळे दिसले. मी टोपली टाकून पळाले.

मुकादमाच्या गाडीत घातलं तुला. तुझं डोकं माझ्या मांडीवर. तू श्वास घ्यायचीस तो आत जायचाच नाही, वरच्या वर परत यायचा. मला तेव्हाच कळलं होतं, इंदू. आईच्या वेळी मी दारात उभी होते, मी हे पाहिलेलं आहे. त्या गाडीत दुसरं काही बोलायला पाहिजे होतं मी. देवाचं नाव, नाहीतर मी आहे, घाबरू नको. पण माझ्या तोंडून निघालं, "इंदू, सुटली म्हण. पोरसाठे सुटली म्हण."

तू माझ्याकडे पाहिलंस. ओळखून पाहिलंस. तुझा हात माझ्या हातात होता, तो तू दाबलास. मग दवाखान्याचं फाटक आलं, माणसं धावली, आणि तुला माझ्याकडून घेऊन गेले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, फुफ्फुसात गुठळी गेली, उशीर झाला.

हात दाबणं म्हणजे म्हणणं का गं? की नको म्हणणं? की नुसतं तुला दुखत होतं म्हणून दाबलास? रोज मी माझा हात दाबून बघते. काही कळत नाही.

मी असं धरलं की तू म्हणालीस. धरावंच लागलं, नाहीतर मी काय करणार होते. दीपा तुला शेवटचं बघायला आली ती पोट सांभाळत. रडायलाही तिला बायका देईनात, पोटातल्याला त्रास होईल म्हणून. मी थांबले. गंधमुक्ती होऊ दिली. मग तिला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि सगळं सांगितलं. आजीचं, तुझं, गोळ्यांचं, प्रोटीन एसचं. पोरीने सगळं ऐकून घेतलं. शिकलेली आहे, मला वाटलं समजतंय तिला.

ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "आईला हे माहीत होतं?"

मी म्हटलं, होतं.

म्हणाली, "मावशी, आई माझ्यापासून लाडूसुद्धा लपवून खायची नाही. तिला माहीत असतं तर पहिल्यांदा मला सांगितलं असतं. मिरचीने छाती भरली आईची. सगळे तेच म्हणतात."

मी म्हटलं, गुठळीचं डॉक्टरांनीच सांगितलं. ती म्हणाली, माणूस गेल्यावर डॉक्टर काही ना काही नाव देतातच. कागद दाखव म्हणाली. कागद कुठून आणू, इंदू? मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, तू कायम आईला चुकीचं ठरवत आलीस, निदान आता तरी सोड तिला. डोळे पुसून उठली आणि दार उघडता उघडता हळूच म्हणाली, आणि मावशी, हे माझ्या सासरी बोलू नकोस. तुझीच पोर. एका तोंडाने खोटं म्हणते आणि दुसऱ्या तोंडाने लपव म्हणते.

मला तिचा राग आला नाही. तू तिला कशी वाढवलीस ते मी पाहिलं आहे. एका आंब्याच्या दोन फोडी करायचीस आणि कोय स्वतः चोखायचीस. त्या पोरीने तुझ्यावर विश्वास ठेवू नये तर कोणावर ठेवावा? आईने आपल्याला धोक्यात ठेवलं हे तिने या दिवसांत पोटात घेऊन कुठे जायचं? तरी मला वाटतं, तू जर मला शपथ घालायच्या ऐवजी तिला एक शब्द सांगितला असतास. एकच. तुझं ऐकलं असतं तिने. माझं कोण ऐकतं. मी नुसती बोलणारी बाई.

त्याच डॉक्टरीणबाईकडे मी एकटी गेले. तिला तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता गरोदरपणात प्रोटीन एसचा आकडा सगळ्याच बायकांचा खाली येतो, म्हणून आता तपासून नक्की सांगता येणार नाही. पण आजी गेली, आई गेली, एवढं पुरे आहे. मुलीला आणा. पोटावरच्या चामडीत बारीक सुई असते, ती रोज घ्यायची, बाळंतपणानंतरही काही आठवडे. चालती फिरती ठेवायची, पाणी भरपूर. वाचवता येतं हो, म्हणाली, फक्त आणा तिला. आणा म्हणणं तिला सोपं आहे.

दीपाला फोन केला तर ती उचलत नाही. शेवटी काल मी तिच्या सासूलाच लावला. तुला काय वाटायचं ते सगळं डोळ्यांपुढे आलं. पोटुशी पोर, हातात पिशवी, फाट्यावर एकटी उतरलेली. पण मी म्हटलं, परत धाडली तर धाडू देत. माझ्या घरी राहील. मी बघेन तिचं. जिवंत तर राहील. आणि मी सगळं सांगितलं. थांबले नाही, श्वासही घेतला नाही, न जाणो मध्येच फोन ठेवतील.

ती रडायला लागली. फोनवर हुंदके देऊन रडली बाई. म्हणाली, विहीणबाई, एवढं मोठं दुखणं त्या एकट्या मनात घेऊन बसल्या? आमच्या भीतीने? आम्ही काय माणसं नाही का? पोरीला आम्ही लक्ष्मी म्हणून आणलं आहे, रक्तात काय आहे ते बघून नाही आणलं. ती एवढी रडली की मलाच तिची समजूत काढावी लागली.

मी म्हटलं, मग पहिलं बाळंतपण माझ्याकडे होऊ द्या, दवाखाना इथून जवळ आहे. ती म्हणाली, तुमचं वय झालं, त्यात हे दुःख, तुमच्यावर भार टाकायला आम्हाला लाज वाटेल. मी सुईचं सांगितलं. पोटात सुई म्हटल्यावर ती घाबरली. बाळाला टोचेल हो, म्हणाली, आणि आता या दिवसांत गाडीचे धक्के नकोत, एकदा सुखरूप मोकळी झाली की बघू दवाखान्याचं. मी म्हटलं, तेव्हाच तर धोका आहे, तिला झोपवून ठेवू नका, चालवा, पाणी द्या, काम करू द्या. मग ती लहान मुलाला सांगावं तशी मला सांगायला लागली. म्हणाली, तुम्ही दुःखात आहात म्हणून असं बोलता. बाळंतीण पोरीला मी कामाला लावू? ओली बाळंतीण पाणी पिते का कुठे? डिंकाचे लाडू बांधायला घेतले आहेत, शेगडी आणली आहे, नवीन खाट विणून घेतली आहे खास तिच्यासाठी. मी मध्ये बोलत होते, इंदू, तुझी आक्का बोलत होती, आणि पहिल्यांदा माझ्या बोलण्याचा काही उपयोग होईना. तिच्या मायेला कुठून अडवायचं ते मला सापडेना.

शेवटी ती म्हणाली, "काळजी करू नका. तिला आता आई नाही. सव्वा महिना मी पोरीचा पाय जमिनीला लागू देणार नाही."

असं म्हणाली, इंदू. आणि किती मायेने म्हणाली.